एका स्थळाची चौकशी

पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं होतं. नवरदेवाची आई ती द्यायला फुलंब्रीहून भर उन्हाची पुंडलिकनगरात आमच्या घरी आली होती. मी पाणी दिलं. ते घटाघटा पिऊन तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मॅडम, एकदाचं घोडं गंगेत न्हालं. तुमचे लई उपकार हायत."

माझे उपकार! मी पत्रिका हातात धरून तशीच उभी राहिले. नवरदेवाला मी चांगलीच ओळखत होते. शेजारच्या आठ वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला म्हणून त्यानं सात वर्षं तुरुंगात काढली होती. त्यातल्या शेवटच्या वर्षी दर मंगळवारी मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसत होते. सुटून त्याला तीनच महिने झाले होते.

"मुलगी कुठली?" मी विचारलं. पत्रिका आली की असं विचारायची रीत असते, म्हणून तोंडातून गेलं.

"दौलताबादची. नवरा वारला बिचारीचा दोन वर्षांखाली. किल्ल्यापुढं पेरू विकती, भावाच्या दारात राहती. आन् पदरी एक पोरगी हाय, नऊ वर्षांची. म्हणलं बरंच झालं की, आयतं लेकरू मिळालं. आमच्या ह्याला लेकरांची लई माया."

मी पत्रिका मिटून खाली ठेवली. म्हातारी मात्र हसत होती. पोराला बांधाच्या भांडणातून अडकवलं, असं ती सात वर्षं सगळ्यांना सांगत आली होती. सांगून सांगून तिचं तिलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

"तो इतकी वर्षं कुठं होता, हे त्यांना सांगितलंय का?"

"पुण्याला कंपनीत व्हता म्हणून सांगितलं. तिच्या भावानं गावात येऊन चौकशी केली ना. सरपंचापासून न्हाव्यापर्यंत समद्यांना इचारलं. कुणी वाकडं बोललं नाय. जुळतं लग्न मोडायचं पाप कोण घेईल डोक्यावर?" मग तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्हीच म्हणला व्हता मॅडम, संसार असला की माणूस जागेवर राहतो. तवाच मी ठरवलं, हा सुटला की पयलं लगीन."

हो, म्हणाले होते. मीच म्हणाले होते.

मी तेव्हा समाजकार्याच्या कॉलेजात शिकवायची आणि पीएच.डी. करायची. विषय सांगितला की लोक चहाचा कप खाली ठेवायचे. बायकामुलांवर अत्याचार केलेली माणसं शिक्षा भोगून कधी ना कधी बाहेर येतात. त्यातला कोण पुन्हा तसं करील हे आधी ओळखता येतं का, आणि कसं ठेवलं, काय दिलं म्हणजे ते पुन्हा त्या वाटेला जाणार नाहीत, हे मला शोधायचं होतं. आमचे हे म्हणायचे, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तू बस तक्ते भरत." मला त्यांचा असा राग यायचा! कारण ते खरं नव्हतं. सगळे पुन्हा करत नाहीत. हाताला काम असलं, राहायला जागा असली आणि ज्याला सगळं खरं खरं ठाऊक आहे असं एक तरी माणूस जवळ असलं, तर बरेच जण सावरतात. पण बरेच म्हणजे सगळे नव्हेत. आणि जो सावरत नाही, त्याच्यापायी एका लेकराचा जन्म जातो.

माझ्याकडं बारा प्रश्नांचा तक्ता होता. मूळ परदेशातला, मराठी मी केला. त्यातला एक प्रश्न असा होता की हा माणूस कुणाबरोबर दोन वर्षं नीट संसार करून राहिला आहे का. राहिला असेल तर धोका थोडा कमी धरायचा. आता तिकडं माणूस आपला जोडीदार आपण मिळवतो, आपण टिकवतो, तेव्हा त्यातून त्याच्याबद्दल काहीतरी कळतं. आपल्याकडं स्थळ मामा आणतो, मांडव काका घालतो आणि सून टिकते ती तिला माहेरी परतायला तोंड नसतं म्हणून. नवऱ्याचा त्यात काय पराक्रम? एवढी साधी गोष्ट मला कळू नये! मी आपली 'संसार आहे का' असं सुटसुटीत भाषांतर करून मोकळी झाले.

तुरुंगात नातेवाइकांच्या भेटीला मुलाखत म्हणतात. मुलाखतीच्या दिवशी ही म्हातारी बाहेर लिंबाखाली बाकावर डबा घेऊन बसायची. आत डबा नेऊ देत नाहीत हे तिला ठाऊक होतं, तरी आणायची. एकदा तिनं मला धरलं. "मॅडम, माझं लेकरू सुधरंल का?" मला शहरात परतायची घाई होती, माझी मुलगी शाळेतून यायची वेळ झाली होती. मी पर्स खांद्याला लावता लावता म्हणाले, "काम पाहिजे, घर पाहिजे. संसार असला की माणूस जागेवर राहतो." आणि रिक्षाला हात केला. एवढंच. डॉक्टरनं चिठ्ठी लिहून द्यावी तसं तिनं ते पदरात बांधून नेलं.

आता माझ्या भीतीबद्दल सांगते, कारण ती त्या पत्रिकेबरोबर आली नव्हती. ती आधीपासून घरात मुक्कामाला होती. ही माणसं दिसायला कशी असतात, हे मी दर मंगळवारी बघत होते. ती कशीच नसतात. आपल्यासारखी असतात. नीट भांग पाडलेली, 'ताई' म्हणणारी, चहा आला की आधी तुमच्यापुढं सरकवणारी. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की सुटका नाही. माझी मुलगीही तेव्हा नऊ वर्षांचीच. तिला शाळेत नेणारे रिक्षावाले चाचा तिला 'बेटा' म्हणून उचलून रिक्षात बसवायचे, चार वर्षं बसवत होते. एके सकाळी ते बघितलं आणि मी त्यांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

"क्या हुआ बाजी, मेरे से कुछ गलती हुई क्या?" बहिणीला म्हणावं तसं 'बाजी' म्हणत ते विचारत राहिले. मी म्हटलं, नाही, आम्ही स्वतःच सोडणार आहोत. मुलगी दोन दिवस रडली. चाचांचं काही चुकलं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्यांची माफी मी कधी मागितली नाही, आता ते कुठं असतील कोण जाणे.

तर पत्रिका आली तेव्हा लग्नाला नऊ दिवस होते. मी आमच्या सरांकडं गेले. सर म्हणजे माझे मार्गदर्शक, सज्जन माणूस, पण कातडी वाचवून चालणारा. त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही त्याला लिहून दिलंय की खोलीतलं बोलणं बाहेर जाणार नाही. उद्या हे कळलं तर एकही कैदी तुमच्याशी तोंड उघडणार नाही. परवानगी जाईल, काम बुडेल. आणि त्याचं आयुष्य मार्गी लागत असेल तर आपण मोडता का घालायचा?"

"आणि ती मुलगी?"

"तुमच्याच तक्त्यात तो कमी धोक्याचा आहे ना?" सर म्हणाले.

तोंडात मारल्यासारखं झालं. होता, कमी धोक्याचाच होता. माझ्याच अक्षरात. तुरुंगात तो सुतारकाम शिकला होता, भांडण नाही, दारू नाही, आई नेमानं भेटीला येते, म्हणून मी कुटुंबाच्या आधारालाही चांगले गुण दिले होते. आधार! सगळं नाकारणारी आई म्हणजे आधार कसा, हे मला तेव्हा सुचलं नाही. घरी येऊन मी तो कागद काढला आणि माझ्या सहीकडं बघत बसले. मुलगी शेजारी बसून पाढे म्हणत होती. तिचा आवाज ऐकला की मला त्या दुसऱ्या मुलीचा आवाज कसा असेल असं वाटायचं. भाकरी करपायची, वर्गात शिकवताना मधेच शब्द सापडायचा नाही. एक मन म्हणायचं, अगं बाई, त्याला सगळी दारं बंद केलीस तर तो जाईल कुठं? हाकलून दिलेला माणूस जास्त धोक्याचा, हे तूच पोरांना शिकवतेस. दुसरं मन काहीच म्हणायचं नाही, नुसतं त्या मुलीचं वय सांगायचं.

पाचव्या दिवशी मी ठरवलं. त्यानं मला खोलीत जे सांगितलं त्यातला एक शब्द सांगायचा नाही. पण कोर्टाचा निकाल काही त्यानं माझ्या कानात सांगितला नव्हता, तो उघड्यावर दिलेला होता. तेवढाच सांगायचा. रविवारी घरी खोटं बोलून मी दौलताबादची बस धरली.

किल्ल्यापुढं पेरूवाल्या बायका ओळीनं बसलेल्या असतात. कुणाला काही विचारायची वेळच आली नाही. लाल रिबिनीच्या दोन वेण्या घातलेली एक नऊएक वर्षांची मुलगी पळत आली आणि तिनं माझं बोट धरलं. "काकू, आमचे घ्या ना, लई गोड हायत." कोण मी, कुठली मी, आणि ती बिनघोर बोट धरून मला ओढत घेऊन गेली. असं कुणाचंही बोट धरू नये गं, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं.

तिची आई तिशीची असेल. पेरूच्या चार फोडी करून तिखटमीठ लावून तिनं माझ्यापुढं धरल्या. मी म्हटलं, "तुमचं लग्न जमलंय ना फुलंब्रीकडं?" ती लाजली. मग तिनं मला नीट बघितलं.

"तुमी त्यांच्याकडच्या का?"

"पोरीला जरा पाणी आणायला पाठवता?"

मुलगी तांब्या घेऊन गेली आणि मी सांगितलं. चार वाक्यं होती, बसमध्ये घोकून आले होते. तिचा सुरीचा हात थांबला.

"खोटं बोलायल्या तुमी."

"भावाला कोर्टात पाठवा. निकालाची नक्कल मिळते. नाहीतर ठाण्यात विचारा."

"भावानं चौकशी केली व्हती. आख्खं गाव चांगलं म्हणलं." तिचा आवाज चढला. "तुमी लग्न मोडायला आलात."

"हो. मोडायलाच आले."

"आन् मोडल्यावर? वहिनी आत्ताच उठता-बसता टोमणे मारती. तुमी ठिवून घेता का आमाला?"

मी हातातल्या फोडी तिच्या पेरूंशेजारी ठेवल्या. तेवढ्यात मुलगी पाणी घेऊन आली आणि आधी मलाच तांब्या पुढं केला, पाहुणी म्हणून. बाई तिच्याकडं बघत राहिली, मग हळू बोलली.

"त्यो मागच्या रविवारी आला व्हता घरी. मी म्हणलं, हिला जवळ घ्या, ही तुमाला बाबा म्हणणार हाय. तर त्यो उठून बाहेर गेला, पायरीवर बसला. जेवलासुदिक तिथंच. मला वाटलं लाजला."

त्याला आतापासूनच मोह पडतोय, असाच अर्थ मी लावला. "पोरीला एकटीला कुठं सोडू नका," एवढं म्हणून मी निघाले.

भावानं नक्कल काढली. लग्न मोडलं. शहरातून एक बाई येऊन गेली एवढ्यावरूनच म्हातारीनं मला ओळखलं आणि फोनवर असे तळतळाट दिले की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. "तुमच्याबी पोरीचं लगीन असंच मोडंल बगा! लई शिकल्या म्हणून देव झाल्या का?" मी अंधश्रद्धाळू नाही, पण त्या दिवशी मुलीची दृष्ट काढली. खोटं कशाला सांगू?

आणि पंधरा दिवसांनी तो स्वतः आला.

दुपारचे तीन वाजले असतील. हे कामावर गेलेले, मुलगी तापानं घरीच झोपलेली. फाटक वाजलं म्हणून मी बाहेर आले, तर तो. पांढरा शर्ट, हातात पिशवी. सात वर्षांत सुतारकामानं त्याचे दंड भरले होते, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं. तुरुंगात दाराबाहेर शिपाई असायचा. इथं मी आणि एक पत्र्याचं फाटक.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

त्याची नजर उंबऱ्याशी पडलेल्या छोट्या सँडलांवर गेली होती. "मुलगी घरात हाय का, ताई?"

"नाही."

आणि आतून माझी बया ओरडली, "आई, कोण आलंय गं?"

मी दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली आणि कडीला पाठ लावून उभी राहिले. तो फाटकातून आत आलाच नाही. उलट पावली मागं गेला, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या विजेच्या खांबाखाली जाऊन उभा राहिला. तिथून म्हणाला, "मी हितं थांबतो. तुमाला जमलं तर या."

मी कडीशीच लटकणारं कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत घट्ट धरून रस्त्यापर्यंत गेले.

"लग्न तुमी मोडलं?"

"हो."

"बरं केलं."

तो खाली बघून बोलत होता, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. "मी आईला तीनदा म्हणलं, पोरगी असलेलं घर नको. ती म्हणती, झालं गेलं इसर. ती ऐकूनच घेत नाय, तिच्या लेखी मी काय केलंच नाय. मला भ्या वाटत व्हतं ताई. आत असताना नाय वाटलं. आत लेकरं नव्हती."

"मग मला का नाही सांगितलं? वर्षभर समोर बसत होते मी!"

"तुमी इचारलं नाय." त्यात तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. "बारा प्रश्न इचारले. शाळा किती, दारू पितो का, घरी कोण हाय. तुझं तुला भ्या वाटतं का, आसं कुणीच इचारलं नाय."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. त्या पायरीवर तो मोहानं बसला नव्हता, स्वतःला घराबाहेर ठेवून बसला होता. आणि माझा तक्ता, माझे बारा प्रश्न, माझी सही! तरीसुद्धा मुठीतली किल्ली मी सैल केली नाही, हेही सांगायला हवं. त्याच्यावर विश्वास बसला होता आणि भीतीही तेवढीच होती, दोन्ही एकदम.

"आता मी काय करावं म्हणता?" मी विचारलं.

"आई दुसरं स्थळ बघायलीय. जालन्याकडचं. तिलाबी दोन पोरी हायत." त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "पोरीवालीशिवाय मला कोण मिळणार? तुमी चला आन् सांगा आईला. माझं ती ऐकत नाय. तुमचं ऐकंल. मागच्या वेळी तुमचंच ऐकलं व्हतं."

मी मुलीला शेजारच्या मावशींकडं ठेवलं आणि त्याच दुपारी निघाले. आम्ही एकाच बसनं गेलो. तो पुढं ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, मी तीन सीटा सोडून मागं. एकमेकांशी बोललो नाही. चौक्याला शाळा सुटली होती. निळ्या पिनाफोरातल्या पंधरा-वीस मुली गलका करत बसमध्ये चढल्या, आणि तो ताडकन उठला. मीही उठून उभी राहिले. पण तो गर्दीतून अंग चोरत दाराशी गेला आणि सगळ्यात खालच्या पायरीवर, दांडा धरून, मुलींकडं पाठ करून उभा राहिला.

"ओ दादा, आत सरका की, पडताल," कंडक्टर ओरडला.

"राहू द्या. मी हितंच बरा हाय."

त्याच्या रिकाम्या सीटवर दोन मुली बसल्या, एका वहीत डोकी घालून. फुलंब्री येईपर्यंत त्यानं एकदाही मान मागं वळवली नाही. आणि फुलंब्री येईपर्यंत मी त्याच्या पाठीवरची नजर काढली नाही.